सहा हातांचा बांध

"काका, सरका. हे यंत्र एकदा बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला फार नखरे करतं."

"मग ने माझ्या अंगावरून. मी नखरे नाही करणार."

पुतण्याने चरफडत गवत कापायचे यंत्र बंद केले. समोर बांधावर, छातीइतक्या गवतात, त्याचा काका आडवा उभा होता. सत्तरी उलटली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला, म्हणजे पुतण्याचा बाप, गेल्या हिवाळ्यात गेला, पण धाकट्याचे नाव बदलायचे कुणाला सुचले नाही.

वाटणीच्या वेळी दोन शेतांमधली ही सहा हात रुंद पट्टी कुणाची, यावरून दोघा भावांचे फाटले. जो इथले गवत कापेल तो मालकी सांगतोय असे दुसऱ्याने धरायचे आणि काठी घेऊन यायचे. त्यामुळे तीस वर्षे कुणी विळाच लावला नाही. गवत असे माजले, की एकदा आत शिरलेली शेळी थेट नातवंडे घेऊनच बाहेर आली म्हणतात. रोज सकाळी दोघे आपापल्या कडेला येऊन उभे राहत. थोरला खाकरे. धाकटा त्याहून मोठ्याने खाकरे. मग दोघे कामाला लागत. तीस वर्षांत भावाभावांचे बोलणे झाले ते एवढेच, पण एक दिवस खाडा नाही.

"हे रान म्हणजे किडींचं आजोळ आहे," पुतण्या म्हणाला. "इथूनच मावा येतो माझ्या कोबीवर."

"मी सांगितलेलं तुला पटायचं नाही. बाईंना विचार."

शेतकी खात्याच्या बाई कालपासून पुतण्याच्या कोबीत भिंग घेऊन उकिडव्या बसल्या होत्या. पान उलटायचे, मोजायचे, वहीत मांडायचे. त्या गुडघे धरत उठल्या.

"बांधालगतच्या दहा ओळींत पानामागे मावा पाच-सहा. पुढे गेलं की मोजायची सोयच नाही, पान नुसतं चिकट. मावा खाणारे ढालकिडे या गवतात राहतात. तुम्ही कोबी काढलात की ते जाणार कुठे? हे कापलंत, तर पुढच्या पिकाला राखणदार नाही."

पुतण्याने स्वतः आत जाऊन पाने उलटली. आडमुठा होता, पण आंधळा नव्हता.

"ठेवतो," परत येऊन तो म्हणाला. "पण बांध आमचा, असं लिहून द्या. नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल, बघा, पुतण्या घाबरला, हात लावला नाही."

"म्हणालोच असतो."

"आजोबा, घाई नका करू," बाई म्हणाल्या.

धाकट्याने पलीकडच्या कडेकडे पाहिले. तिथे थोरला रोज उभा राहायचा त्या जागी, दोन पावले मावतील एवढे गवत दबून बसलेले होते. आता ते हळूहळू उभे राहू लागले होते. लिहून दिले, तर थोरला जिंकला. नाही दिले, तर ती जागाही यंत्राखाली जाणार.

"बाई, एक कोरं पान द्या. आणि तू रे, तूही लिही. कापणार नाही म्हणून."

"बाबा असते तर नाचले असते, काका."

"तो असता, तर दिला असता होय मी!"

दोघांच्या सह्या झाल्या. पुतण्याने कागद घडी करून खिशात घातला आणि यंत्र ढकलत घरी गेला. बाईही वही मिटून निघाल्या.

धाकटा अजून गवतातच उभा होता. बांध आता आपला नाही हे ध्यानात येताच तो चोरी पकडली गेल्यासारखा घाईघाईने उतरून आपल्या शेतात आला. सदऱ्यावर चिकटलेली कुसळे त्याने एकेक करून काढली आणि परत बांधावर टाकली. मग वहाणा काढून हातात घेतल्या.

"दादा, येऊ का?" त्याने पलीकडे पाहत विचारले.

आणि दारात उभा राहून आतून कुणी हाक देईपर्यंत थांबावे, तसा तो कडेलाच थांबला.