डोंगरापलीकडे, अर्ध्या तासावर

चिमी दातांच्या कवळ्या बनवायची. चाळिशी उलटली तरी घरचे तिला चिमीच म्हणत. डोंगरापलीकडच्या गावात धाकट्या भावाकडे राहणाऱ्या वडिलांची कवळी बेसिनमध्ये पडून फुटली, तेव्हा जुन्या साच्यावरून तिने नवी तयार केली. बसवताना ती थोडी घासावी लागणार होती, म्हणून पोस्टाने न पाठवता स्वतःच न्यायचं ठरलं.

दोन्ही गावांना टीचभर विमानतळ, मधे डोंगर. रस्त्याने वळसा घालत अख्खा दिवस जायचा; विमानाने जेमतेम अर्धा तास. चिमीने अर्धा तास निवडला आणि तिथेच फसली.

पहिल्या दिवशी विमान उडालंच नाही.

"पलीकडे ढग आहेत," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"अहो, इथे तर लख्ख ऊन पडलंय!"

"इथे उतरायचं नाहीये ना, मॅडम."

दुसऱ्या दिवशी उडालं. डोंगर ओलांडला. ढगांच्या फटीतून पाण्याची टाकी दिसली, तिच्या शेजारचं भावाचं घरही दिसलं. चिमीने पर्स मांडीवर घेतली. विमानाने एक घिरटी घातली, मग दुसरी. मग पायलटचा आवाज आला: वारा आडवा आहे, परत फिरतोय.

निघाली होती तिथेच ती उतरली, तोच भावाच्या नंबरवरून फोन आला. बोलत होते मात्र वडील.

"डोक्यावरून गेलीस की गं!" बोळक्या तोंडातून शब्द विरघळत येत होते. "गच्चीवरून हातसुद्धा केला मी."

"मग काय, उडी मारायची होती का मी, बाबा?"

"सूप पिऊन पिऊन जीव विटलाय माझा, आणि चिडतेस तू!"

तिने फोन ठेवला आणि काउंटर गाठला. "उद्या तरी नक्की जाईल?"

"सांगता येत नाही, मॅडम."

चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने सरळ बस पकडली. दुपारी बस चहाला थांबली, तेव्हा डोक्यावरून तेच विमान घरघरत गेलं आणि पलीकडच्या उतारावर अलगद खाली झुकलं. आज ते उतरणार होतं. चिमीच्या तोंडून असा काही शब्द गेला की शेजारच्या बाई कप घेऊन लांब जाऊन उभ्या राहिल्या.

अंधार पडता पडता ती पोचली. वडील खुर्चीत वाटच बघत होते. तिने हात धुतले, कवळी बसवली. त्यांनी टोस्टचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले. वाटभर तिने त्यांना सुनावायचं बरंच काही मनात जुळवलं होतं.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"डावीकडे टोचतेय."

"टोचणारच. काढा ती." तिने पिशवीतून कानस काढली आणि दिव्याखाली बसून कड घासू लागली. राग अजून होताच. हात मात्र हलकेच चालले होते.