नेमांची वाटणी

त्या साली श्रावण आणि रमजान एकाच चंद्रकोरीनं सुरू झाले. त्यामुळं येडशीत कोणी रोज उपाशी, तर कोणी सोमवारी उपाशी. आणि दुपारी भेटलेली माणसं एकमेकांना तब्येत विचारण्याऐवजी सूर्य कुठवर आला ते विचारत. मल्लम्मा मात्र उठल्यापासून निजेपर्यंत उपाशी होती, आणि तिला श्रावण कारण नव्हता की रमजानही. तिला कारण होतं ते मार्कांचं.

धुळाप्पा किराणावाल्याची ही थोरली लेक. गुलबर्ग्याला मामाकडं राहून इंटर झालेली, आणि आता तिला हैदराबादेत डॉक्टरीच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची होती. धुळाप्पानं नाही म्हटलं नव्हतं, पण दुकानदार माणूस, तोलून हो म्हटलं होतं. सरावाच्या पर्च्यात शंभरात पन्नास दिसले तर मी सोता ठेसनावर येऊन गाडीत बसवीन. न दिसले तर जळकोटचं स्थळ बघायचं. जळकोटचा मुलगा चांगला होता, दोन मोटांचं बागायत होतं, आणि मल्लम्माला त्याचं नाव काढलं की उचकी लागे.

सरावाचे पर्चे काढायचे रसूल मास्तरांनी. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. शास्त्र शिकवण्यात उभी हयात गेलेली. पर्चे उर्दूत, तपासणी कडक, आणि रोजा असल्यामुळं तर जास्तच कडक. पहिल्या पर्च्यात मल्लम्माला एकेचाळीस मिळाले.

ती घरी येऊन रडली. मग तिनं तेच केलं, जे त्या घरातली कुठलीही बाई अडचणीत करते: एक जिन्नस सोडला. तिची आई कमलबाई नेमाची बाई. लिंगपूजा झाल्याबिगर तोंडात पाणी नाही, सोमवारी अन्न नाही, आणि धाकट्याचा ताप उतरावा म्हणून सोडलेलं वांगं ताप उतरेपर्यंत कधी पानात आलं नाही. देवाशी बोलायची ही त्यांची घरची रीत होती. मल्लम्मानं गावच्या रामलिंगाच्या देवळाकडं तोंड केलं आणि डॉक्टरीला नंबर लागेपर्यंत गूळ सोडला.

दुसऱ्या पर्च्यात छत्तीस आले. गूळ हलका पडला असणार, असं तिला वाटलं. तिनं मिरची सोडली. मार्क आणखी घसरले, तेव्हा मीठ सोडलं. तरी घसरले, तेव्हा भाकरी सोडली. देव काही हटेना आणि मल्लम्माही हटेना. आता तिच्या पानात भगरीचा बिनमिठाचा भात आणि पातळ ताक एवढंच उरलं. कमलबाई समोर बसून हळू आवाजात म्हणाली, बाई, नेम चांगला, पण जीव बघून. पण तिलाच वांगं सोडताना कोणी थांबवलेलं नव्हतं, म्हणून तिनं ताकच जरा जास्त वाढलं.

आणि मग गंमत झाली. मल्लम्माचं रडू थांबलं आणि हसू सुरू झालं. डोकं असं हलकं झालं की वाऱ्यानं उडेल म्हणून ती पदर गच्च धरून चाले. भिंतीवरची पाल तिच्याकडं बघून मान हलवी, तर मल्लम्माला वाटे, हिलाही पास व्हायचंय. रस्ता पाळण्यासारखा झुले. मार्क कमी पडले तर पडले, आपण हैदराबादेत गाडीवाचून पोचू, वरूनच, असं तिला वाटू लागलं.

अशाच एका दुपारी मास्तरांच्या ओट्यावर ती पर्चा लिहायला बसली. आतून सकिनाबीच्या कढईचा वास येत होता; मास्तरीणबाई संध्याकाळी रोजा सोडण्यासाठी कांद्याची भजी तळत होत्या. पहिला सवाल होता, मेंदूचं पोषण कशावर होतं. मल्लम्मानं पाठ केलेलं सुबक अक्षरात उतरवलं, की मेंदू रक्तातल्या साखरेवर चालतो, ती तुटली की माणसाला भोवळ येते, विचार भरकटतो. दुसरा सवाल होता, पिष्ट पदार्थांची उदाहरणं द्या. एवढ्यात भज्यांचा नवा घाणा पडला.

सूर्य कलायला आल्यावर मास्तर पर्चा घेऊन बसले. वाचता वाचता त्यांची मान ताठ झाली. मल्लम्मानं पान भरून लिहिलं होतं: ज्वारीची भाकरी, कडक, तीच भाकरी शिळी, दह्यात कुस्करून, धपाटं, वरून लोण्याचा गोळा, हुरडा, शेंगदाण्याच्या चटणीसंगं, पुरणाचे कडबू, तुपात बुडवून. कडबूपाशी एक बेडूक काढला होता, मुंडासं घातलेला, आणि तो जेवत होता.

मास्तरांनी आवंढा गिळला. पर्चा उलटा ठेवला, अल्लाचं नाव घेतलं, पुन्हा सुलटा केला.

"बेटी," ते म्हणाले, "मी रोज्यात हाय. हे पान वाचून माझा रोजा मकरूह झाला असंल, डाग लागला त्याला."

मल्लम्मा जी हसत सुटली ती थांबेच ना. हसता हसता खांबाला टेकली आणि खाली बसली. सकिनाबी धावत बाहेर आल्या. तेवढ्यात अजान झाली. त्यांनी हातातला खजूर मास्तरांना द्यायचा तो मल्लम्माच्या हातावर ठेवला. खजूर काही सोडलेला नव्हता. तिनं खाल्ला, मग आणखी एक, आणि ओटा जागेवर आला.

मास्तरांनी पहिलं उत्तर तिच्यापुढं धरलं. "पूरे मार्क दिलेत ह्याला. आता वाच, कुणाबद्दल लिहिलंयस ते."

मल्लम्मानं वाचलं आणि तिचे कान तापले. पण नेम देवापुढं घेतलेला. तो मोडायचा कसा?

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. धुळाप्पानं पोरीचा काटकुळा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. कमलबाईनं मात्र देव्हाऱ्याकडं बघितलं आणि ती शांतपणं नवऱ्याला म्हणाली, "नेम मोडायचा न्हाय. पण घरातला नेम घरातल्यानं उचलला तर देव रागवत न्हाय. गूळ आन् मीठ माझं. भाकरी आपण दोघांनी आलटून पालटून. मिरची तुमची."

"माझी?" धुळाप्पा म्हणाला. त्याला ठेच्याबिगर घास उतरत नसे.

"लेक तुमचीबी हाय नव्हं?"

झालं. मल्लम्मा पोटभर जेवू लागली, आणि धुळाप्पा गिऱ्हाइकाला मिरची तोलून देताना तोंड फिरवू लागला. दुकानात त्यानं तराजूवरून दोन माणसांशी भांडण काढलं. रोज संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर जाऊन तो पर्चा कधी म्हणून विचारी.

शेवटचा पर्चा ईदच्या आधी झाला. मास्तरांनी तो रोजा सोडल्यावर, भरल्या पोटानं तपासला आणि धुळाप्पाच्या हातात दिला. अठ्ठेचाळीस.

मल्लम्माचा चेहरा उतरला. जळकोटची उचकी घशाशी आली. धुळाप्पानं कागद दिव्याजवळ नेला, मागं पुढं करून बघितला.

"मास्तरसाहेब, दोन मार्कांचं काय बगा की. बेडूक ह्यातबी बरा काढलाय."

"बेडूक बरा हाय," मास्तर म्हणाले, "पण दोन मार्क मी न्हाय द्यायचा. हैदराबादेतबी कुणी देणार न्हाय."

धुळाप्पानं ओठांवरनं जीभ फिरवली. सपक, कोरडी जीभ. ही पोर जळकोटला गेली तर तिचा नंबर कधीच लागायचा नाही, आणि नंबर लागेपर्यंतचा नेम त्याच्या बोडक्यावर जन्मभर. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. मग त्यानं लेकीकडं बघितलं. तिच्या गालांवर पुन्हा रंग आला होता, आणि हरली तरी पर्च्यातल्या चुकांवर ती बोट ठेवून मास्तरांना काहीबाही विचारतच होती.

"अट माझी व्हती," तो म्हणाला. "माझ्या तराजूला मी दोन मार्कांची सूट देतो. मल्लू, बिस्तरा बांध."

मल्लम्मानं बापाला गच्च मिठी मारली. मग दोघं ओट्यावरच हसायला लागले, आणि सकिनाबी, कुणाला भोवळ आली की काय म्हणून, खजुराची ताटली घेऊन पुन्हा धावत बाहेर आल्या.