करकोच्यांची बांधी

मित्रांनो, माझ्या अंगावरून हात फिरवलात तर सपाट जागा सापडायची नाही. सगळीकडे पोचे. एका कोपऱ्याला गंज, बुडाशी भोक आणि उचलायला तारेची कडी. मी एक जुना तेलाचा पिपा आहे. बघणारा मला भंगार म्हणेल, पण या पोच्यांबद्दल माझी कुणाविषयी तक्रार नाही. उलट मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत, म्हणून तर बोलायला बसलो आहे.

माझे सुरुवातीचे दिवस पवनीला गेले. तिथे भैय्याजींच्या किराणा दुकानात मी जवसाचे तेल सांभाळत असे. तेल संपले तेव्हा त्यांनी मला बाहेर ओट्यावर ठेवले. एका बाजाराच्या दिवशी देवकाबाई आणि त्यांचे यजमान तुलाराम मिठाची गोणी घ्यायला आले. देवकाबाईंनी मला उचलले, बोटांनी टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाल्या, "हा घ्या जी. याचा आवाज दूर जाते."

तुलाराम हसले. मला मिठाच्या गोणीवर ठेवून त्यांनी बैलगाडी हाकली. सत्तरच्या दशकाची तेव्हा नुकती सुरुवात झाली होती.

दिघोरीहून पुढे टेकड्या ओलांडल्या, की पलीकडे त्यांचे गाव लागते. गावाला लागून मोठा तलाव. पावसाळ्यात तो भरतो आणि हिवाळ्यात त्याचे पाणी हळूहळू मागे सरकते. मागे उरते चिखलाची, उथळ पाण्याची रुंद पट्टी. त्या पट्टीला खेटून तुलारामची धानाची शेती होती. तिकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोरी नावाच्या डाळीचे बी शिंपतात. धान कापून नेले, की खालून लाखोरीचे कोवळे हिरवे रोप वर येते. वर्षभराची डाळ त्यातूनच निघते.

आणि नेमके त्याच वेळी करकोचे येत. थंडीचे पक्षी ते, कुठून तरी फार लांबून यायचे. राखी अंग, काळी मान, डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचे तुरे. रात्र तलावाच्या उथळ पाण्यात उभ्याने काढत आणि उजाडले, की बांध्यांमध्ये उतरत. लाखोरीची रोपे आणि सांडलेले धान हा त्यांचा आवडता खाऊ. ते उतरू लागले, की तुलाराम काठीने मला बडवत आणि आख्खा थवा कर्र कर्र करीत शेजारच्या बांधीत जाऊन बसे. तिथून दुसऱ्या कुणाचा डबा वाजे. सकाळभर असेच चाले.

तेव्हा बंदूकवाले शिकारीही येत. तलावाच्या काठावरून बार काढत आणि पक्षी पोत्यात घालून नेत. पुढे सरकारने तो तलाव पक्ष्यांसाठी राखीव केला. पाटी लागली आणि बाबुलाल नाकेदार सायकलवरून रोज फेरी घालू लागला. आमच्याकडे जंगल राखणाऱ्याला नाकेदार म्हणतात. बंदुका थांबल्या. करकोच्यांना ते कसे कळले कोण जाणे, पण दर हिवाळ्याला थवा वाढत गेला. पुढेपुढे तर ते उतरले, की चिखलाची पट्टी राखी दिसू लागे.

बघायला ते फार सुंदर होते. पण तुलारामच्या बांधीत लाखोरीचे रोप राहीना. लागोपाठ दोन हिवाळे त्यांच्या घरी डाळ शिजली नाही. तुलाराम बाबुलालला अडवून म्हणत, "तलाव राखीव केला तं केला. माझी बांधी कोन राखीव करते?" बाबुलाल मान खाली घालून सायकल पुढे काढी.

मग ती सकाळ आली. नुकते दिसायला लागले होते. मी अंगणात नेहमीच्या खुंटीपाशी होतो. तुलाराम चुलीपुढे बसले होते, पण पुढ्यातल्या चहाला त्यांनी हात लावला नव्हता.

"काय झालं जी? चहा थंडा होऊन राहिला," देवकाबाई म्हणाल्या.

जाळाकडे पाहत तुलाराम म्हणाले, "काल सांजेले बांधीत धान टाकून आलो. किडीच्या औषधात भिजवलेलं."

"कोनासाठी?"

तुलारामने मान तलावाकडे वळवली. तिकडून पहिली कर्र कर्र ऐकू येत होती.

"मी का करू मंग?" तुलारामचा आवाज चढला. "पेरतो आपन, खातेत ते. आपल्या पोटाचं कोनाले आहे?"

"पोटासाठी जहर पेरता का जी?" देवकाबाईंनी हाताला लागले ते लाटणे उचलले, दुसऱ्या हाताने माझी कडी धरली आणि त्या धावत सुटल्या.

मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ वाजलो, पण त्या सकाळसारखा कधीच नाही. लाटण्याच्या एकेका घावाने माझा पत्रा आत जात होता. थवा डोक्यावर आला होता, पाय खाली सोडून उतरायच्या बेतात होता. तलावात फकिरा डोंग्यातून जाळे ओढत होता. फकिरा ढिवर, त्या तलावातल्या माशांवर त्याचे घर चाले. त्याने ओरडून विचारले, "वयनी, काहून वाजवून राहिल्या? अजून उतरले बी नाही ते!"

"जहर आहे, फकिराभाऊ! बांधीत जहर आहे!"

फकिराने जाळे सोडून दिले. तो वल्ह्याने डोंग्याची कड बडवू लागला, गळा फाटेस्तोवर ओरडू लागला. एका बाजूने तो, एका बाजूने आम्ही. थवा हवेत वळला, वर चढला आणि टेकडीपलीकडे गेला. देवकाबाईंचे हात खाली आले. मी अजून आतल्या आत घुमत होतो.

पण बांधीच्या दूरच्या कोपऱ्यात एक जोडी आधीच उतरली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यातला एक करकोचा पंख ओढत दोन पावले चालला आणि खाली बसला. त्याला पुन्हा उठता आले नाही.

मागून तुलाराम केरसुणी-कुदळ घेऊन आले, डोंगा काठाला लावून फकिराही आला. तिघेही वाकून दाणे वेचू लागले. केरसुणीने झाडले, मातीचा वरचा थर खरवडला, आणि ते सगळे पाण्यापासून लांब, टेकडीच्या बाजूला खोल खड्डा करून पुरले. "तलावात गेलं असतं तं माझे मासे गेले असते, अन् गावची ढोरं बी तिथंच पानी पेतेत," फकिरा एवढेच म्हणाला. तुलाराम खड्ड्यावर माती लोटत राहिले.

ऊन डोक्यावर आले तेव्हा त्या करकोच्याची मान जमिनीला टेकली. त्याचा जोडीदार शेजारी उभा होता. त्याने राहिलेला दाणा खाऊ नये म्हणून देवकाबाईंनी मला वाजवले. तो उडाला, एक घिरटी घालून पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. पुन्हा वाजवले, पुन्हा तो आला. शेवटी देवकाबाईंनी लाटणे खाली ठेवले.

"हा जात काहून नाही?" तुलारामने विचारले.

देवकाबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमाले असं झालं असतं, तं मी गेली असती का जी?"

तुलाराम बांधावर बसले. मी त्यांच्या पायाशी होतो. त्यांनी माझ्यावर हात टेकला. 

त्याच दिवशी ते आपण होऊन बाबुलालकडे गेले. "नाकेदार, करकोचा मी मारलो."

बाबुलालने सायकल भिंतीला टेकवली. "तुलाराम, मी तुले सोडू शकत नाही."

"सोड म्हनत बी नाही."

ते भंडाऱ्याला गेले, तिथे झाली ती शिक्षा त्यांनी भोगली आणि पळस फुलायच्या सुमारास परत आले. तोवर करकोचे निघून गेले होते. तो जोडीदार एक दिवस तिथेच थांबला होता, मग थव्यात मिसळला, एवढे देवकाबाईंनी त्यांना सांगितले.

पुढच्या हंगामात तुलारामने एक गोष्ट केली. तलावाला लागून असलेली बांधी त्यांनी करकोच्यांसाठी सोडली. नुसती सोडली नाही, तर तिच्यात दाट लाखोरी शिंपली. गाव हसले. "जहर पेरनारा आता पाखरायले जेवन पेरून राहिला!" तुलाराम ऐकून घेत. थंडी पडली, थवा आला, आणि ते मला घेऊन इतरांच्या बांध्यांच्या बाजूने उभे राहिले. गावाकडच्या बांधीत पक्षी उतरला, की मला वाजवायचे. तलावाकडच्या बांधीत उतरला, की गप्प राहायचे. बाबुलाल दुसऱ्या टोकाला उभा राही. सकाळी डोंगा घेऊन निघण्याआधी फकिराही हात देई.

हळूहळू करकोच्यांना समजले. जिथे आवाज नाही तिथे ते जाऊ लागले. गावाच्या बांध्यांत लाखोरी वाढली. तुलारामच्या उरलेल्या बांध्यांतही वाढली, आणि देवकाबाईंच्या चुलीवर पुन्हा डाळ शिजू लागली. हसणारे लोक मग आपणहून मूठमूठ बियाणे आणून देऊ लागले. लांबून साहेब लोक दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला आले, तेव्हा बाबुलालने त्यांना मलाही दाखवले. एका साहेबाने माझा फोटो काढला. खोटे कशाला सांगू, तेव्हा मी फुगलो होतो!

पुढे माझी गरज कमी झाली. थव्याला आपली बांधी पाठ झाली होती, वाजवायचे कुणासाठी? मी गोठ्यात आडवा पडलो. गंज चढला, बुडाला भोक पडले. पण एका कोंबडीने माझ्यात पेंढा ओढून अंडी उबवली आणि पिल्ले माझ्या पत्र्यावर चोची आपटू लागली, तेव्हा त्या एकांताचेही मला काही वाटेनासे झाले.

मग एका पावसाळ्यात तुलाराम तापाने गेले. त्या साली पाऊसही ओढ देऊन गेला होता. धानाला लोंब्या आल्या, लाखोरी शिंपायचे दिवस आले, आणि देवकाबाईंच्या कणगीत बियाणे जेमतेम त्यांच्या स्वतःच्या बांधीपुरते होते. गोठ्याच्या दारात बसून त्या बाबुलालला म्हणाल्या, "नाकेदार, यंदा करकोच्यायची बांधी नाही होत माझ्यानं. मागाले जाऊ तं कोनाकडे? सगळ्यायचंच तसं आहे."

बाबुलाल म्हणाला, "राहू द्या, ताई. तुमी लय केलं."

बाबुलालकडून ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी फकिरा अंगणात आला. त्याच्या पंच्याच्या टोकाला गाठ होती. "वयनी, मले शेत नाही. मासे देऊन ही लाखोरी आनलो. कशात टाकू?"

देवकाबाई गोठ्यात आल्या, कोंबडीला उठवले, मला बाहेर काढून झटकले आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबला. फकिराने गाठ सोडली. दाणे माझ्या तळावर खळखळले.

थोड्या वेळाने शेजारची मंदाबाई सूप घेऊन आली. पाठोपाठ सोमाजी पाटील आले, तेच, जे सगळ्यांत जास्त हसले होते. कुणी ओंजळभर आणले, कुणी पदरात आणले. कोणीही उभे राहून गप्पा मारल्या नाहीत. ओतायचे आणि जायचे. दुपार कलली तेव्हा देवकाबाई माझ्याजवळ बसल्या. दाणे माझ्या काठापर्यंत आले होते. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि बोटांनी माझ्या अंगावर टकटक केले.

मी वाजलो नाही, मित्रांनो. मी भरलेलो होतो.

ती बांधी त्या वर्षीही हिरवी झाली आणि थवा आला. मी त्या माणसांचे उपकार विसरणार नाही. तुमच्याही गावाजवळ एखादा तलाव असेल, तिथे लांबून पाहुणे उतरत असतील. त्यांचे पाणी स्वच्छ ठेवा, त्यांच्यासाठी जमिनीचा एक तुकडा मोकळा ठेवा. आणि तो तुकडा राखणारे माणूस एखाद्या साली एकटे पडले, तर ते हाक मारील म्हणून वाट पाहू नका. पदरात असेल ते घेऊन त्याच्या अंगणात जा.