चौदा तारखेचं पान

"आता ती डायरी उघडली म्हणजे दाणे करपलेच समज," भानुमतीबाई नातीला म्हणाल्या. आवाज हळू ठेवला होता, पण तो विनताच्याच कानासाठी होता, हे स्वयंपाकघरातल्या तिघींनाही माहीत होतं. मधे अंतर ते काय, एका ओट्याचं.

विनताने गॅस आणखी बारीक केला. एका हाताने कढईतले शेंगदाणे परतत दुसऱ्या हाताने पान उलटलं. "करपत नाहीत, आई. लक्ष आहे माझं."

"लक्ष आहे म्हणते. डोळे पुण्याला अन् उलथनं जबलपुरात."

खुर्चीवर पाय घेऊन बसलेली चिन्मयी लॅपटॉपमागे हसली. विनताही हसली असती, पण पुण्याचं नाव सासूबाईंनी आपणहून काढलं, यानेच तिला थोडं धसकल्यासारखं झालं.

दाणे भाजणं हे खरं म्हणजे भानुमतीबाईंचं काम. लग्न होऊन जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या या घरात आल्यापासून त्यांनी ते दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं. मंद आच, एकसारखा हात, एकही दाणा काळा नाही. दोन वर्षांपासून मात्र त्यांनी कढईला हात लावलेला नव्हता. मनगट दुखतं, असं घरात ठरलं होतं. कोणी ठरवलं ते कोणी विचारलं नाही. या घरात अशा ठरलेल्या गोष्टी आणखीही होत्या.

विनता ब्लॉग लिहायची. 'चिमूटभर जबलपूर' असं नाव. लिहायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. मोबाइलवर मराठी टाइप करायलाही ती चिन्मयीच्या शिव्या खात शिकली. सांबारवडीपासून, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीपासून, सुरुवात केली, मग सांबारवडी वळताना आपण काय बोलतो ते लिहू लागली, आणि लोकांना वडीपेक्षा बोलणं आवडलं. वाचक काही फार नव्हते. पण नागपूरच्या एका बाई दर लेखाखाली लांबलचक लिहायच्या, त्यावर विनताचा आठवडा जायचा.

आणि आता पुणे. डिसेंबरात दोन दिवस, मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांचं छोटंसं संमेलन. तीसच जण. प्रत्येकाने एक लेख आधी पाठवायचा, त्यातले सहा निवडून त्यांच्यावर सगळ्यांनी मिळून काम करायचं. विनताचा लेख त्या सहांत होता. तिने येते म्हणून चौदा तारखेला संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं, नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्याला.

हे तिने असंच ठरवलेलं नव्हतं. डायरीत त्याला तीन पानं गेली होती. वर लिहिलं होतं, 'या वर्षी चाळीस लेख नकोत. बाराच. पण बाराही खरे.' त्याखाली प्रश्न. शिकवणारे स्वतः लिहितात का, की लिहिण्यावर नुसते बोलतात? माझ्या हाती काम देतील की पिशवी? जेवताना कोणाशेजारी बसायला मिळेल? परत आल्यावर सोमवारी सकाळी मी काय वेगळं करीन? भोपाळचं एक दिवसाचं संमेलन सोयीचं होतं, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत, पण तिथे सगळी भाषणं वाचक कसे वाढवावेत यावरच. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळेना, तिने ते खोडलं. इंदूरचं मोठ्या हॉटेलातलं होतं. त्याच्यापुढे तिने एकही प्रश्न लिहिला नाही, सरळ काट मारली. पेन इतका दाबून की मागच्या पानावर उमटला.

प्रश्न चार होते. खाली पाच असा आकडा होता आणि त्यापुढे काही नव्हतं.

डायरी आबांची होती. आबा म्हणजे बाबाराव, विनताचे सासरे. त्यांना दरवर्षी कुठून कुठून डायऱ्या मिळायच्या आणि एका डायरीत ते सकाळी फिरायला किती वाजता गेले आणि सदर बाजारातून कोणती भाजी आणली एवढंच लिहायचे. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, बावीस तारखेपाशी, ते लिहिणं थांबलं होतं. 'सहा दहा. दोडके.' तेराव्यानंतर भानुमतीबाईंनीच ती डायरी विनताच्या हातात दिली होती. "कोरी पानं आहेत. वाया काहून घालवायची." त्याउपर त्या काही बोलल्या नव्हत्या.

डायरी जुनी, म्हणजे वार सगळे चुकीचे. विनता प्रत्येक पानावर छापलेला वार खोडून वर पेन्सिलने खरा वार लिहायची. शिस्तीने.

"आई," चिन्मयी म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र मधेच हिंदी यायची. "तू फॉर्म कधी भरणार आहे? लिंक आज बंद हो रही है."

"मंगळवारी आहे अजून. चौदाला." विनताने डायरी तिच्याकडे सरकवली. "हे बघ. चौदा नोव्हेंबर, मंगळवार."

चिन्मयीने पानाकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, हा आबांचा मंगळवार आहे. चौदा आज आहे. फ्रायडे."

त्या पानावर पेन्सिल नव्हती.

विनताने गॅस बंद केला. घड्याळात पाच वाजायला दहा कमी होते. दाणे तिने ताटात ओतले, ते ताटभर पसरून तडतडत राहिले, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, सुटलो. आता वेळच नाही, मग कोणाचा काय दोष. त्या विचाराची तिला लगेच लाजही वाटली. गेल्या वर्षी चिन्मयीची परीक्षा होती. त्याआधी घराला रंग द्यायचा होता. अशी कारणं या घरात वेळेवर हजर व्हायची, आणि ती कारणं आणायला घरातला प्रत्येक जण आलटून पालटून जायचा. तीसुद्धा.

"मी भरते ना," चिन्मयी म्हणाली. "तू बस सांगत जा. नाव, पत्ता, लेखाचं नाव?"

"चार वाजता."

भानुमतीबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

तो लेख आबांच्या चहाबद्दल होता. चार वाजता विनता त्यांना चहा द्यायची, ते बशीत ओतून घ्यायचे आणि आधी चहाला नावं ठेवायचे, मग जगाला. लेख घरात कोणीही वाचला नव्हता; निदान वाचला असं कोणी म्हणालं नव्हतं. पुण्याच्या संमेलनात शिकवणाऱ्या बाईंनी मात्र वाचला होता. त्यांचं पत्र विनताला तोंडपाठ झालं होतं. 'लेख मनापासून आवडला. पण शेवटाला लेखिका त्या खोलीत नाही असं वाटतं. दोन दिवस त्या शेवटावरच काम करू या का?'

त्या बाईंना काय माहीत. शेवटाला लेखिका खोलीत नव्हतीच. ती इंदूरला होती, मोठ्या हॉटेलात, ब्लॉगवाल्यांच्या संमेलनात, फुकटच्या पिशवीच्या रांगेत उभी. फोन गप्प करून पर्समध्ये ठेवलेला. पिशवी मिळाल्यावर तिने फोन पाहिला तर नवऱ्याचे, अच्युतचे, अकरा फोन येऊन गेलेले. आबा दुपारी आरामखुर्चीत झोपले ते झोपेतच गेले, असं भानुमतीबाईंनी सगळ्यांना सांगितलं. किती छान मरण, असं आलेले लोक म्हणाले. विनताला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तेच तिला दोन वर्षं पुरत होतं.

"जेवण शाकाहारी," चिन्मयी टाइप करत होती. "राहायची सोय हवी, हो. लेख जोडला. येण्याचा उद्देश, दोन ओळी. काय लिहू?"

"लिही, शेवट नीट लिहायला शिकायचा आहे."

"बस?"

"बस."

साडेपाचला अच्युत ऑफिसातून आला. चपला काढता काढताच त्याला घरातली हवा कळली. पाणी प्यायला, लॅपटॉपमध्ये डोकावला. "अच्छा, पुण्याचं. आजच आहे काय?"

"आजच," चिन्मयी म्हणाली. "सहापर्यंत. एक रकाना राहिला. अडीअडचणीला संपर्क, नाव आणि फोन. किसका डालूँ?"

बाहेर भाजीवाल्याची गाडी थांबली, पुढे गेली.

"कोणाचा म्हणजे," अच्युत म्हणाला, "माझा टाक ना."

"इंदूरलाही तुमचाच होता," विनता म्हणाली.

तिला तसं म्हणायचं नव्हतं. अच्युतने ग्लास ओट्यावर ठेवला, ठेवलेला पुन्हा उचलून मोरीत ठेवला. मग म्हणाला, "हे बघ, माझी ना नाही. मी कधी ना म्हटलं काय तुला? फक्त डिसेंबरात थंडी असते, आईचे गुडघे... पुढच्या वर्षी आरामात जा. अभी कौनसी घाई है."

"माझे गुडघे चांगले आहेत," भानुमतीबाई कोथिंबिरीकडे पाहत म्हणाल्या.

"आई, मनगट पण दुखून राहिलं ना तुझं. एकटी तू घरी, मी ऑफिसात, चिनू कॉलेजात. काही झालं तर..."

तो थांबला. ते 'काही' चौघांच्या मधे येऊन बसलं. विनताने डायरी ओढून घेतली. पाचव्या आकड्यापुढे काय लिहायचं होतं ते तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. मी नसताना घरी काय होईल. आता लिहिलं तर त्याचं उत्तरही लिहावं लागलं असतं.

"पाँच अड़तालीस," चिन्मयी म्हणाली. "आई, एक नंबर तो बोल दो. कोणाचाही."

"राहू दे चिनू."

"क्या राहू दे?"

"बंद कर ते. त्यांना लिही, घरच्या अडचणीमुळे येता येत नाही." विनताने डायरी मिटली. "त्यांचं रांगेत कोणी असेल. त्याला तरी मिळू दे."

अच्युतने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि तो विनताने ऐकला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. चिन्मयीची बोटं तशीच अधांतरी होती.

भानुमतीबाई उठल्या. कोथिंबिरीचे हात पदराला पुसले आणि ओट्याशी आल्या. ताटातले दाणे निवले होते. त्यांनी मूठभर घेतले, तळहातांत चोळले, फुंकर मारली. सालं उडून डायरीवर पडली. मनगट दुखत असल्याचं त्या मुठीत काही दिसलं नाही.

"दोन जागी काळे झाले," त्या म्हणाल्या.

"झाले असतील," विनता म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

"माझं होतं." त्यांनी दाणे परत ताटात टाकले. "त्या दिवशी माझं पुरं लक्ष होतं. एक दाणा काळा नाही होऊ दिला मी."

"आई, जाऊ दे ना आता," अच्युत म्हणाला.

"तू चूप बस, अच्युत. दोन वर्षं जाऊच देऊन राहिलो आपण." त्या विनताकडे वळल्या. इतक्या जवळून की त्यांच्या हाताचा दाण्यांचा वास तिला आला. "चिनू, माझा नंबर लिही त्यात. अन् तू ऐक वो. झोपेत नाही गेले ते. त्यांनी हाक मारली होती. दोनदा. 'भानू, जरा ये,' म्हणून. मी इथून म्हटलं, थांबा, दाणे करपतील. पुरे भाजले, ताटात काढले, अन् मग गेली. तू घरी नव्हती म्हणून नाही झालं काही, विनता. मी घरी होती."