तेरणेकाठची ट्राउटची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे, आणि स्वभावाने भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा जीव सारखा खालीवर का होतो ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म काश्मीरचा. एका म्हाताऱ्या कारागिराने बांबूच्या सहा बारीक पट्ट्या तासून अशा चिकटवल्या, की जोड कुठे आहे ते माझे मलाही सापडत नाही. माझ्या दोरीला गांडूळ लावत नाहीत. टोकाला कोंबड्याच्या पिसाची खोटी माशी असते. ती पाण्यावर अलगद उतरवायची, म्हणजे ट्राउट नावाच्या ठिपकेदार माशाला ती खरी वाटते. हा मासा थंड, वाहत्या पाण्यातला आणि महासंशयी. वसंताच्या सुरुवातीला बर्फ वितळू लागले की तो भुकेने वर येतो. तरी माशी धपकन पडली, तर तो ढुंकूनही बघत नाही.

माझे धनी व्यंकटी हवालदार फौजेत असताना सुट्टीच्या दिवशी त्या कारागिराशेजारी गुडघाभर पाण्यात उभे राहून हे शिकले. ते निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा म्हाताऱ्याने मला त्यांच्या हाती दिले आणि हिला घेऊन एकदा परत ये, असे बजावले. तेव्हापासून मी निलंग्याजवळ त्यांच्या गावी राहते. इथल्या तेरणा नदीत कुठली आली ट्राउट! बंधाऱ्यावर ते चिलापी माशांवर हात साफ करीत आणि तिकडच्या सवयीने पकडलेला मासा सोडून देत. श्रीमंत नावाचे आमचे शेजारी म्हणायचे, आमचा फौजी मासे धुऊन परत टाकतो. हवालदार हसत. पण घरी आले की मला पुसत, सावलीत वाळवत आणि मगच चहाला बसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला, पण ते त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्यांची लेक महामाया नांदेडला शिक्षिका आहे. तिने जम्मूच्या गाडीची तीन तिकिटे काढली आणि एप्रिलात काश्मीरला ट्राउट धरायला जायचे म्हणून सांगून टाकले. मग मात्र चेंडू सकाळ-संध्याकाळ हातात दिसू लागला. बोटे हळूहळू मिटू लागली. एकच अट त्यांनी घातली. जाण्याआधी बंधाऱ्यावर माशी टाकून बघायची. हात चालला तर जायचे, नाही तर तिकिटे परत.

आणि नेमके त्याच दिवसांत माझ्यावर संकट आले. अंगणातल्या शेवग्याला शेंगा लागल्या होत्या. हवालदारांची बायको नागुबाई यांना वरच्या फांदीच्या हव्या होत्या आणि शेंगा ओढायची घरातली आकडी शेजारच्या श्रीमंतांकडे गेलेली. त्यांनी मला पिशवीतून काढले, नवऱ्याला बघून बघून माहीत झाले होते तसे माझे तुकडे जोडले, शेंड्याला तारेचा आकडा बांधला आणि ओढले. मी मासा पेलते, मित्रांनो, झाड नाही. शेंड्यापासून वीतभर खाली मी तडकले.

नागुबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तड्यात डिंक भरला, वर रेशमी दोरा गुंडाळला आणि मला गुपचूप पिशवीत ठेवले. दोरी ओवायच्या कड्या बांधायला माझ्या अंगावर तशा दहा गुंडाळ्या आधीच होत्या. अकरावी कुणाच्या डोळ्यांत भरणार? त्या दिवशी शेंगांची आमटी हवालदारांनी दोनदा मागून घेतली. नागुबाईंनी ती ताटात वाढूनही घेतली नाही. मी पिशवीत ओरडत होते, पण काठीचे कोण ऐकतो!

रविवारी महामाया आली. वारं लई हाय, आज नको, असे नागुबाईंनी तीनदा सांगून पाहिले. कुणी ऐकले नाही. बंधाऱ्यावर महामायाने मला जोडले आणि वडिलांच्या मुठीत दिले. मूठ अजून नीट आवळत नव्हती, आणि मी माझा तडा सांभाळत होते. पहिली फेक पायाशीच पडली. दुसरी जराशी पुढे गेली. हवालदारांच्या चेहऱ्यावर जुनी चमक आली, आणि तिसऱ्या फेकीला त्यांनी जोर लावला. कडकन आवाज झाला. माझा शेंडा दोरीला लोंबू लागला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ते आपल्या हाताकडे बघत राहिले. मग दगडावर बसले.

"गेला माझा हात," ते म्हणाले. "तिकिटं परत कर, महामाया."

महामाया समजावत राहिली, पण त्यांनी मान वर केली नाही. मागोमाग आलेल्या नागुबाई वर काठावर उभ्या होत्या. आता गप्प राहिल्या असत्या, तर जन्मभर कुणाला काही कळले नसते. त्या खाली उतरल्या.

"हात न्हाई चुकला तुमचा. मी मोडली ती. शेंगा काढायला घेतली होती."

"मग सांगितलं का न्हाई?"

"भेव वाटलं. तुम्ही हिच्याच आशेवर चेंडू दाबून राहिले होते."

हवालदारांनी तुटलेल्या जागेवरचा दोरा नखाने उकलला. खाली पिवळा डिंक दिसला. मग त्यांनी विचारले, "म्हंजे आमटी त्याच शेंगांची?"

"हाव."

"बेस झाली होती," ते म्हणाले, आणि रडले. मी त्यांना रडताना प्रथमच पाहिले.

महामायाने माझा शेंडा सोडवला आणि दोरी उरलेल्या कड्यांतून पुन्हा ओवली. हवालदारांनी मला तशीच, थोटी, उचलली. माशी आठ हातांवर धपकन पडली. ट्राउट शहाणी, ती फिरकलीही नसती. पण त्यांनी पुन्हा टाकली, आणि पुन्हा. तिकिटांचे नाव मग कुणी काढले नाही.

परवा गाडी आहे. माझा शेंडा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याशेजारी ठेवलाय. तो कारागीर हयात आहे की नाही, मला दुरुस्त करणारे तिथे कुणी उरले आहे की नाही, कोणालाच ठाऊक नाही. पण माझे राहू द्या. तुमच्या हातून काही मोडले, तर त्याच दिवशी सांगा, मित्रांनो. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हीही गप्प राहिलात, तर एखादा भला माणूस आपल्याच हाताला दोष देत बसतो.