कुत्र्यांचा वाटा

माझा भाऊ खाटीक. सरळ नाकासमोर चालणारा, आणि त्याचाच त्याला भारी तोरा. कलेजीवर पाण्याचा फोड दिसला की तेवढा भाग कापून दुकानाबाहेरच्या कुत्र्यांपुढे टाकायचा. "खराब माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाणार नाही," हे ऐकून माझे कान किटले होते.

त्याची एकुलती एक पोर, सगळे तिला चिमणी म्हणत. दुकानाबाहेरच्या कुत्र्यांतला लाल कुत्रा म्हणजे तिचा जीव की प्राण. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणायची. आम्ही म्हटलं, शाळा बुडवायची नाटकं. मग तिचे डोळे पिवळे झाले आणि आमची पाचावर धारण बसली.

सोनोग्राफीत यकृतात मोठी गाठ दिसली, पाण्याने भरलेली. पहिला डॉक्टर पू समजून सुई घालायला निघाला होता. सर्जनबाईंनी त्याला थांबवलं आणि भावाला विचारलं, "घरी कुत्रा आहे?"

"दुकानापाशी आहेत की."

"खायला काय घालता?"

"कलेजी, मॅडम. फोड आलेली. गिऱ्हाइकाला नाही देत मी." अशा वेळीसुद्धा त्याची छाती फुगली. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

बाईंनी सावकाश समजावलं. त्या फोडात जंताची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या पोटात वाढतात, अंडी विष्ठेतून त्याच्या केसांना लागतात आणि पोरांच्या हातातून तोंडात जातात. "असा रोग आमच्याकडे क्वचितच येतो. आधी गोळ्या देऊ, मग गाठ अख्खी काढू. फुटली तर आतलं पाणी जिवावर बेततं."

भावाने घरी येऊन लाल कुत्र्याला तेवढं जंताचं औषध पाजलं. बाकीच्या कुत्र्यांचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी बाई बाहेर आल्या त्या मान खाली घालूनच. गाठ काढता काढता फुटली होती. चिमणी शुद्धीवर आलीच नाही.

भेटायला माणसं आली. भाऊ दारात बसून होता. समोर शेजारणीची रांगती मुलगी दुकानापाशीच्याच एका काळ्या कुत्र्याच्या गळ्यात पडली. तो तिचं तोंड चाटायला लागला आणि तेवढ्या रडारडीतही दोघी-तिघी कौतुकाने हसल्या.

भाऊ ओरडत धावला. त्याने पोरीला उचलून नळाखाली धरलं आणि तिचे हात, तोंड घासत सुटला. पोर कळवळून रडत होती. शेजारीण किंचाळली. कुणीतरी ओरडलं,

"दुःखाने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. धरा त्याला!"

मी घरात जाऊन साबण आणून दिला.