धुरपदाबाईचा लोटा

मित्रांनो, हसू नका! तुमच्या घरी ताक पितळी तांब्यातून येत असेल, नाहीतर येतच नसेल, म्हणून तुम्ही मला ओळखलं नाही. अमळनेरच्या या स्वयंपाकघरात, चुलीमागच्या खुंटीला जी लांबोडकी, काळपट, खाली पाकळ्या कोरलेली लाकडी बया टांगली आहे ना, ती मी. ताक घुसळायची रवी. वय विचारू नका. माझ्या अंगावर दोरीने पडलेली ही खाच पाहा, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल.

गिरणा नदीच्या काठी, भडगावच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. तिथल्या उखर्डू सुताराने शिवणीच्या लाकडातून मला घडवलं. दिवसभर तासलं, घासलं, तेल पाजलं आणि शेवटी हातात गरकन फिरवून तो म्हणाला, "जाय वं माय, कोनाबी घर जाय, पन उपाशी नको ठेवजो कोनले." माझ्या मते तोच माझा आशीर्वाद. लोटन नावाच्या शेतकऱ्याने मला बाजारातून घरी नेलं, कारण त्याची नवी नवरी झुंबरबाई घरात आली होती आणि गोठ्यात दोन म्हशी होत्या.

काय दिवस होते ते! पहाटे झुंबरबाई मातीच्या डेऱ्यात दही ओतायची, मला घुसळखांबाला अडकवायची आणि दोरीचे दोन्ही शेव धरून ओढू लागायची. घर्र घुम्, घर्र घुम्! माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. लोणी वर आलं की ती बोटाने चाखायची, मग ताक मडक्यात काढायची. लोटन ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यात चुरून, वर हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन शेतात निघायचा. ही काळसर भाकरी खाऊन तो माणूस दुपारपर्यंत वखर हाकायचा, आणि कधी दमलो म्हणायचा नाही.

आणि ताक मागायला गल्ली यायची. आमच्याकडे दूध विकायचे, तूप विकायचे, पण ताक विकायचं? शी! कोणी तसं म्हटलं असतं तर झुंबरबाईने त्याला दारातून हाकललं असतं. सगळ्यांच्या आधी यायची समोरच्या घरची धुरपदाबाई. विधवा बाई, मजुरीला जायची, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. तिचा पितळेचा लोटा होता, काठाला चेपलेला. तो मी झोपेतही ओळखला असता.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. झुंबरबाईची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तेव्हा खूप दिवस माझा आवाज रडका यायचा, कारण दोरी ओढणारीच रडत असायची. वर्षांमागून वर्षं गेली. मग उशिरा, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिसरी मुलगी झाली. आमच्याकडची रीत अशी की आईच्या हाती मूल टिकत नसेल तर ते दुसऱ्या बाईला देऊन टाकायचं आणि तिच्याकडून पुन्हा भीक म्हणून मागून घ्यायचं, म्हणजे काळाची नजर चुकते. झुंबरबाईने बाळ सुपात घातलं, धुरपदाबाईच्या पदरात टाकलं आणि उंबऱ्यावर उभी राहून तिने पदर पसरला. "अक्का, भीक घाल वं माले."

धुरपदाबाईने बाळाचा मुका घेतला आणि परत दिलं. म्हणून पोरीचं नाव पडलं भिकुबाई. घरात सगळे भिकूच म्हणायचे. झुंबरबाईने डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अक्का, या घरमा जोवर ही रवी फिरी, तोवर तुन्हा लोटा रिकामा जावाव नही." शपथ माझ्या नावाने घेतली होती, मित्रांनो. मला केवढा मान वाटला म्हणून सांगू!

भिकू ताकावर वाढली. घुसळण सुरू झाली की ती रांगत यायची आणि डेऱ्याला कान लावून बसायची. दात आले तेव्हा लोण्याचा गोळा, पाय फुटले तेव्हा ताकात भिजवलेली भाकरी. गालांवर असा काही रंग होता की बाया दृष्ट काढायच्या.

मग आमच्या गावात चहा आला. आधी आठवड्याच्या बाजारात एक गाडी यायची. गाडीला रंगीत चित्रं लावलेली, आणि पितळी किटली घेतलेली माणसं लोकांना बोलावून बोलावून फुकट चहा पाजायची. फुकट म्हटल्यावर काय, झुंबड उडाली. पुढे मोटारी थांबायच्या तिथे मोतीलालने हॉटेल काढलं. माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचा. त्याला दूध हवं होतं. तो लोटनला म्हणाला, "भाऊ, ताक करून गल्लीत वाटता, त्यापेक्षा दूध मला घाला. रोख मिळेल. पोरीला चांगलंचुंगलं खाऊ घाला."

लोटनला हे पटलं. इथे त्याला शिव्या देऊ नका हं, कारण या माणसाचा भिकूवर फार जीव होता. नवसाची, भीक मागून मिळवलेली पोर! तालुक्याला मामलेदाराच्या घरी त्याने मुलांना कपबशीतून चहा पिताना आणि बिस्किटं खाताना पाहिलं होतं. आपल्या लेकीने का काळी भाकरी चावावी? म्हणून पहाटेचं आणि संध्याकाळचं, सगळं दूध हॉटेलात जाऊ लागलं. तिकडून साखर आली, चहाची पुडी आली, चिनी मातीच्या कपबशा आल्या, बिस्किटांचा लाल डबा आला. पाहुणे वा वा करू लागले. लोटन रोज घरी आला की हाक मारायचा, "भिकू, देख तुन्हासाठे काय लयनू!"

आणि मी? मी खुंटीवर. डेरा पालथा. पाकळ्यांत कोळ्याने जाळं केलं.

पहिल्या दिवशी धुरपदाबाई लोटा घेऊन आली. "आज ताक नही का वं?"

"दूध आते हाटेलमा जास, अक्का," झुंबरबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली. "घुसळानं बंद शे."

"बरं बरं, ऱ्हाऊ दे." लोटा रिकामा परत गेला. झुंबरबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. रवीच फिरत नाही तर शपथ मोडली कुठे, असं ती मनाची समजूत घालत असावी. असं मन समजत नसतं, बाई!

भिकूला बिस्किटं आवडली, का नाही आवडणार? सकाळी चहात बुडवून बिस्किट, दुपारी जेवायच्या वेळी भूक नाही, मग पुन्हा चहा. भाकरी नको, भाजी नको, वरण नको. असं करता करता ती वाळत चालली. ओठांचे कोपरे चिरले. जीभ लाल झाली, तिखटाचा कण लागला तरी ती कळवळायची. गल्लीत पोरं लंगडी खेळायची आणि ही आपली भिंतीला टेकून बसलेली. शेवटी शेवटी बिस्किटसुद्धा हातातच राहू लागलं. वैद्याने पुडी दिली, आईने अंगारा लावला. एकदा दुपारी झुंबरबाई तिला मांडीवर घेऊन बसली आणि पुटपुटली, "देवा, भीकमा देल पोर आते परत नको मांगू रे." मी वरून ऐकलं. मला हात असते तर मी स्वतःच डेऱ्यात उडी मारली असती!

त्याच सुमारास धुरपदाबाईच्या भावाने, रुपचंदने, एक दुभती म्हैस तिच्या दारी आणून बांधली. सांभाळायची तिने, दूध निम्मं तिचं. मोतीलाल लगेच तिच्या दारात हजर. तिने त्याला काय सुनावलं ते माझ्या खुंटीपर्यंत ऐकू आलं. "पहिले घरनं पोट, मंग हाटेल! उरी तर देसू."

मग ती आमच्याकडे आली. "झुंबर, रवी पडेल शे ना तुन्ही? दे माले."

झुंबरबाईने मला खुंटीवरून काढलं, जाळं झटकलं आणि खाली मान घालून तिच्या हाती दिलं. मी गल्ली ओलांडली. दुसऱ्या दिवशी पहाटे धुरपदाबाईच्या दारात मी पुन्हा फिरले. सुरुवातीला जरा करकरले, म्हातारं अंग ते. मग सूर लागला. घर्र घुम्, घर्र घुम्!

लोणी वर येत होतं, तेवढ्यात उंबऱ्यात भिकू दिसली. अनवाणी, पिंजारलेली, भिंतीला धरून धरून आलेली. कोणी बोलावलं नव्हतं. ती आली आणि लहानपणी बसायची तशी डेऱ्याला कान लावून बसली. धुरपदाबाईने चेपलेला लोटा ताकाने भरला आणि तिच्या ओठांशी धरला. पोरगी घोट घोट प्यायली. चिरलेल्या ओठांना झोंबलं असेल, डोळ्यांत पाणी आलं, पण लोटा सोडला नाही. मग आणखी मागत म्हणाली, "आखो दे. भाकर बी दे."

किती दिवसांनी तिने भाकरी मागितली होती!

लेक अंथरुणात नाही म्हणून धावत आलेली झुंबरबाई दारात उभी होती. पदराखाली तिने एक तांब्या झाकून आणला होता. लेकीला शोधायला निघालेली बाई तांब्या कशाला घेते? माझा आवाज तिनेही ऐकला होता, दुसरं काय. पण तांब्या बाहेर काढायचं तिला धाडस होईना. "अक्का," ती म्हणाली. "तुन्हा लोटा मी रिकामा धाडा."

"तू लोटा रिकामा धाडा," धुरपदाबाई भाकरीचा तुकडा ताकात मोडत म्हणाली. "मी पोर रिकामी धाडू का? मन्हा पदरमा पडेल पोर शे ती. आन तो तांब्या इकडे."

लोटन हॉटेलकडे निघाला होता, दुधाची घागर खांद्यावर. तो गल्लीतच थांबला. त्याच्या लेकीच्या ओठांवर ताकाची पांढरी मिशी होती आणि ती भाकरी खात होती. त्याने कितीतरी वेळ पाहिलं. मग घागर उंबऱ्यावर उतरवली, डोक्याचा रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि बायकोला एवढंच म्हणाला, "झुंबर, डेरा धुई काढ."

ताक म्हणजे काही जादू नाही, मित्रांनो. ताक आलं तसा सकाळचा चहा गेला, चहा गेला तशी भूक परतली, आणि भुकेबरोबर भाकरी, मेथी, वरण, सगळं ताटात परतलं. हळूहळू ओठ भरून आले. कपबशा फोडल्या नाहीत हं कोणी! पाहुणा आला की चहा व्हायचा, मोतीलालला दूधही मिळायचं. फक्त पहाटेचं दूध घरचं आणि त्यातून उरेल ते हॉटेलचं, एवढंच ठरलं. दोन्ही घरांची घुसळण माझ्याकडेच आली. एकदा या दारात, एकदा त्या दारात. मी तक्रार केली नाही.

धुरपदाबाई भिकूचं लग्न पाहून मगच गेली. अमळनेरला निघालेल्या लेकीला आईने मला दिलं, आणि धुरपदाबाईने आपला लोटा दिला. "भीकमा देल पोरले आंदन बी मीच देसू ना!" असं म्हणून ती हसली आणि मग ती आणि भिकू गळ्यात पडून रडल्या.

आज देश स्वतंत्र झाल्याची साखर गावभर वाटली जाते आहे. भिकूच्या घरात तेला-तुपाचे चकचकीत डबे आहेत, बाजारात रोज नवं काही येतं, तिची मुलंही डोळे मोठे करून पाहतात. ती त्यांना रागावत नाही. एकच विचारते, आणि तेच मी तुम्हाला विचारते. बाजारातली ही वस्तू घरात येईल, ते ठीक आहे, पण तिच्यापायी घरातलं काय बाहेर जाईल? घरातल्या लेकराच्या ओठांकडे एकदा पाहा आणि मग पिशवी उचला.

आणि मला टांगून ठेवू नका, बाबांनो. आमच्या भिकूने घुसळण नुकतीच संपवली आहे. सवयीप्रमाणे तिने पहिलं ताक त्या चेपलेल्या लोट्यात ओतलं आणि लोटा उंबऱ्यावर ठेवला. समोरच्या घरची लहान मुलगी तो दोन्ही हातांनी उचलते आहे.